फायनान्समध्ये एमबीए करायचंय, पण कुठून?

बीकॉमचा निकाल लागला की आमच्याकडे एक ठरलेली विचारणा येते. ‘सर, पोराला फायनान्समध्ये एमबीए करायचंय. पुण्याचं एक कॉलेज आहे, फी नऊ लाख. कसं आहे?’ सोबत गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तिका असते. वर टाय लावलेली हसरी मुलं, खाली ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. यंदा ज्या वालिदांनी विचारलं ते त्यासाठी परतवाड्याचा छोटा प्लॉट विकायला निघाले होते. सेमाडोहच्या एका दुकानावर चालणारं घर, आणि मागे शिकणारी एक बहीण. म्हणून या महिन्यात हाच विषय.

आधी कॉलेज. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६पासून जाहीर होते. लोक त्यातला नंबर बघतात आणि थांबतात. आम्ही म्हणतो, नंबर सोडा, कॉलेजनं त्यासाठी सरकारला दिलेली माहिती उघडा. किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे त्यात असतं. मध्यक म्हणजे काय? वर्गातल्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करा आणि बरोबर मधल्या मुलाचा पगार विचारा. तो मध्यक. पुस्तिकेत मोठ्या अक्षरात छापलेलं ‘सर्वोच्च पॅकेज’ रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या एका मुलाचं असतं, आणि तो एक मुलगा सगळ्या वर्गाची सरासरी वर ओढतो. आपला मुलगा बहुधा मधे कुठेतरी उभा असणार, म्हणून मधल्याचा पगार बघायचा.

कॉलेज त्या क्रमवारीत नसेलच, तर थेट विचारा : मागच्या वर्षी फायनान्स घेतलेली मुलं किती, त्यांना कोणत्या कंपनीत कोणतं पद मिळालं? पदाचं नाव लिहून घ्या. ‘रिलेशनशिप मॅनेजर’ ऐकायला भारदस्त वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी ते काम म्हणजे विमा आणि क्रेडिट कार्ड विकणं, दर महिन्याला टार्गेट. विक्रीचं काम वाईट नाही, पण त्यासाठी प्लॉट विकू नये. आणखी एक गोष्ट : एमबीए ही विद्यापीठाची पदवी, पीजीडीएम हा संस्थेचा डिप्लोमा. काही पीजीडीएम पदवीच्या बरोबरीचे मानले जातात, सगळे नाहीत. पुढे सरकारी नोकरी किंवा पीएचडी मनात असेल, तर हे आधीच तपासा.

चांगल्या आणि परवडणाऱ्या जागा महाराष्ट्रात आहेत. मुंबईचं जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट मुंबई विद्यापीठानं १९६५ साली सुरू केलं. नाव आपल्या वर्ध्याच्या माणसाचं, संस्था चर्चगेटला, आणि फायनान्समध्ये तिचा दबदबा मोठा. उदय कोटक तिथलेच. मात्र प्रवेशासाठी सीईटीत ९९ पर्सेंटाइलच्याही वर जावं लागतं. मुंबईतच सिडनहॅमचं मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट आहे, पुण्यात विद्यापीठाचा विभाग आहे, अमरावती विद्यापीठाचाही आहे. नागपूरचं आयआयएम २०१५चं, तिथे ‘कॅट’ लागते आणि दोन वर्षांची फी पंधरा लाखांच्या वर जाते. अंजुमन-ए-इस्लामचं अल्लाना इन्स्टिट्यूट मुंबईत आहे. अल्पसंख्याक संस्थांत समाजासाठी राखीव जागा असतात, पण तो पर्याय प्रवेशाच्या फॉर्ममध्येच भरावा लागतो आणि पुरावा म्हणून शाळेचा दाखला मागतात. दाखल्यावर धर्माची नोंद नीट आहे का, हे आजच काढून बघा. ऐनवेळी आमच्या शाळेच्या ऑफिसात धावपळ करणारे पालक दरवर्षी असतात.

आता विषय. आमच्या घरांत खरा प्रश्न इथे अडतो, आणि तो बहुतेक वेळा आई विचारते : ‘फायनान्स म्हणजे व्याजाचंच काम ना?’ कोणतं काम जायज, हे उलेमांना विचारावं, ते सांगणं आमचं काम नव्हे. पण कामं कोणकोणती आहेत एवढं शिक्षकानं सांगावं. कर्ज देणं हा या क्षेत्राचा एक कोपरा. कारखान्याचा उत्पादनखर्च काढणं, हिशेब तपासणं, कर, कंपनीच्या शेअरचा अभ्यास, एक कंपनी दुसरीला विकत घेताना तिची किंमत ठरवणं, हे सगळं फायनान्सच. मुलानं आपला कोपरा निवडावा.

काहीजण ‘इस्लामिक बँकिंग’ची एमबीए सुचवतात. अलीगढला ती आहे. विषय उत्तम, पण बाजार बघा. रघुराम राजन यांच्या समितीनं २००८ साली बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ साली रिझर्व्ह बँकेनं तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. म्हणजे शिकल्यावर नोकरी मुख्यतः आखातात किंवा मलेशियात शोधायची. परदेशी जायची घरची तयारी असेल तरच हा रस्ता घ्यावा.

पैसा कमी असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : आधी सीए किंवा सीएमएचा विचार करा. बीकॉमला ५५ टक्के असतील तर सीएची फाउंडेशन परीक्षा टळते, थेट इंटरमीजिएटला बसता येतं. आर्टिकलशिपची दोन वर्षं थोडा का होईना स्टायपेंड मिळतो. परीक्षा कठीण आहे, नापास होणारे खूप, हे खरं. पण नापास झाल्यावर डोक्यावर नऊ लाख नसतात.

कर्जाचा हिशेब असा. दहा लाख, दहा टक्के दर, दहा वर्षं : महिन्याला सव्वातेरा हजारांच्या आसपास हप्ता. शिकताना चढलेलं व्याज वेगळं. पगार पंचवीस हजार मिळाला, तर पुण्यात खोलीभाडं देऊन घरी काय येणार? सरकारच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला व्याजात तीन टक्के सूटही आहे, पण फक्त निवडक संस्थांसाठी. ज्यांना व्याजच नको, त्यांनी आधी समाजातल्या शिष्यवृत्त्यांची चौकशी करावी आणि मौलाना आझाद महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाच्या अटी स्वतः वाचाव्यात.

प्लॉट अजून विकलेला नाही. मुलगा सध्या परतवाड्यात एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची विवरणपत्रं भरतो आणि संध्याकाळी सीईटीचा अभ्यास करतो. दोनशे प्रश्नांपैकी पन्नास इंग्रजी भाषेचे, आणि तो तिथेच अडतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे त्याला परवाच कळलं. बहिणीनं अकरावीला कॉमर्स घेतलंय. हिशेबात ती भावापेक्षा तरबेज आहे. तिची वेळ येईल तेव्हा घरात पैसा उरलेला असावा, हे आम्ही वालिदांना दोनदा बोललो आहोत.