सातबारा नाही म्हणून आत

"घाला आत. सडू दे." गारगोटीच्या चौकात एखाद्या पोराच्या चोरी-मारामारीचा विषय निघाला, की चहा संपायच्या आत हा निकाल लागतो. याच गारगोटीत १३ डिसेंबर १९४२ ला स्वातंत्र्यलढ्यात कचेरीवर चालून जाताना सात जणांनी जीव दिला. दरवर्षी आपण त्यांना हार घालतो आणि उरलेले दिवस, ज्याचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे त्याला सडवायच्या गोष्टी करतो. मला याची चीड येते.

सडतंय कोण, ते तरी बघा. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या एसटीत माझ्या शेजारी मुदाळतिट्ट्याला एक काकी बसल्या. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात पोराचे धुतलेले दोन शर्ट आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.

"पोरगं कळंब्याच्या तुरुंगात हाय. जामीन हुन दोन म्हैनं झालं, पन जामीनदार मिळंना."

"भावकीत कुणी नाही?"

"सातबारा दिराच्या नावावर हाय. तो म्हनतोय, माझ्या जमिनीला डाग नको."

कोर्टानं सोडलेला पोरगा आत होता, कारण घरात जमीन नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोतीराम या गवंड्याच्या खटल्यात गरिबाला न झेपणाऱ्या जामिनावर कोरडे ओढले, ते १९७८ साली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि आरोपीला आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला बंधपत्रावर सोडा. तसा अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानंच करायचा आहे. गरीब कैद्याच्या जामिनासाठी पैसे देणारी केंद्राची योजनाही आहे. पण त्या काकींना यातलं अक्षरही कुणी सांगितलेलं नव्हतं. वकिलाची फी मात्र दोनदा गेली होती.

"मग काय, गुन्हेगार मोकाट सोडायचे?" हा प्रश्न मला नेहमी येतो. ज्यांचा खरा धोका आहे त्यांना ठेवा. बाकीच्यांना कोंबून ठेवून गाव सुरक्षित होत नाही. दाटीच्या बराकीत पोरगा सराईतांच्या हाती लागतो आणि बाहेर येतो तेव्हा त्याला कुणी हजेरीवरही घेत नाही. कळंब्याच्या कैद्यांनी वळलेला अंबाबाईचा लाडू आपण डोळे मिटून खाल्ला. तेच हात सुटून आले की आपल्याला विटाळ होतो!

दुसरी वाट आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. शिक्षा झालेले कैदी तिथं बायकापोरांसह राहून शेती करू लागले. खुनातलेसुद्धा. त्याच प्रयोगावरून आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' केला. आपण सिनेमा डोक्यावर घेतला आणि तुरुंगांच्या भिंती होत्या तशाच ठेवल्या.

येत्या १३ डिसेंबरला जे भाषण करतील, त्यांना मी सगळ्यांसमोर विचारणार आहे, की तुम्ही आजवर किती गरिबांना जामीन राहिलात? माझंही उत्तर परवापर्यंत शून्य होतं. काकी कळंब्याला उतरल्या, तेव्हा मी फक्त पिशवी हातात दिली होती. परवा तलाठ्याकडून उतारा काढला आणि त्यांच्या घरी गेलो.