विश्लेषण : जॅमिंगला चकवणारी रेडिओ चिप… मायक्रोसेकंदांची ही शर्यत काय आहे?

युक्रेन युद्धात २०२४ पासून एक वेगळेच दृश्य दिसू लागले. ड्रोन उडतो आणि त्याच्यामागे केसासारखी बारीक ऑप्टिकल फायबरची तार कित्येक किलोमीटर उलगडत जाते. रेडिओ संदेश जॅम होऊ लागल्यामुळे बिनतारी यंत्राला पुन्हा तार जोडावी लागली. तार न जोडता जॅमिंग चुकवण्याचा जुना मार्ग म्हणजे फ्रिक्वेन्सी सतत बदलत राहणे. ती किती झटपट बदलेल, हे मात्र रेडिओतील ‘फ्रिक्वेन्सी सिंथेसायझर’ नावाच्या छोट्या चिपवर ठरते.

फ्रिक्वेन्सी हॉपिंग म्हणजे काय?

पाठवणारा आणि ऐकणारा, दोन्ही रेडिओ आधी ठरलेल्या गुप्त क्रमाने एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारतात. पाठलाग करणाऱ्या जॅमरला आधी सिग्नल शोधावा लागतो, मग त्यावर गोंगाट सोडावा लागतो. तोवर रेडिओ पुढे निघून गेला, तर जॅमरचा बार फुकट जातो. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल यांना १९४२ मध्ये अमेरिकेत अशाच कल्पनेचे पेटंट मिळाले होते. त्यात टॉर्पेडोच्या नियंत्रणासाठी ८८ फ्रिक्वेन्सींचा विचार होता. अमेरिकी लष्कराचा ‘सिंकगार्स’ रेडिओ सेकंदाला सुमारे १११ उड्या मारतो. तुमच्या कानातले ब्लूटूथ इयरफोनही हेच तंत्र वापरतात. मूळ ब्लूटूथमध्ये सेकंदाला १६०० उड्या असतात. तिथे हेतू मात्र आसपासच्या सिग्नलची गर्दी टाळण्याचा असतो.

‘लॉक’ होणे म्हणजे काय?

सिंथेसायझर तंबोरा जुळवल्यासारखे काम करतो. एक स्फटिक स्थिर, आधाराचा सूर देतो. चिपमधील ऑसिलेटर ही तार. एक सर्किट दोन्हींची सतत तुलना करते आणि फरक दिसला की खुंटी पिळते. फरक मिटला की ‘लॉक’ झाले. या रचनेला ‘फेज लॉक्ड लूप’ म्हणतात. लॉक होईपर्यंत रेडिओ मुका असतो. १६०० उड्यांच्या हिशेबाने ब्लूटूथला एका थांब्यावर ६२५ मायक्रोसेकंद मिळतात. त्यातले जास्तीत जास्त ३६६ मायक्रोसेकंद संदेशाचे. पुढच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन स्थिर होण्याचे काम उरलेल्या वेळात उरकावे लागते. उड्या वाढल्या की हा वेळ आणखी आक्रसतो.

मग खुंटी भरभर का पिळत नाहीत?

कारण घाईत सूर पुढे निघून जातो आणि डळमळतो. लूप वेगवान केला की त्यातून नको असलेला गोंगाटही ऑसिलेटरपर्यंत पोहोचतो. सूर गढूळ झाला, तर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचा जोरदार जॅमरही रेडिओला बहिरा करतो. म्हणजे ज्याला चुकवण्यासाठी घाई केली, त्याच्याच तावडीत सापडायचे. वेग आणि शुद्धता यांची ही ओढाताण हीच या चिपच्या रचनेतील खरी अडचण आहे.

यावर तोडगा काय?

पहिला उपाय म्हणजे उडीच्या सुरुवातीला लूप वेगवान ठेवायचा आणि लक्ष्य जवळ आले की संथ करायचा. दुसरा, प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी खुंटी कुठे ठेवायची हे आधीच स्मरणात साठवायचे. तिसरा, दोन सिंथेसायझर ठेवायचे. एक बोलत असताना दुसरा पुढच्या थांब्यासाठी तयार होतो. त्यात जागा आणि बॅटरी मात्र जास्त लागते. चौथा उपाय म्हणजे लूप टाळून अंकांपासून थेट लहर घडवणे. ही उडी जवळजवळ तत्काळ होते, पण उंच फ्रिक्वेन्सीसाठी फार वेगवान आणि वीज खाणारी सर्किटे लागतात. त्यामुळे बहुतेकदा या उपायांचे मिश्रणच करावे लागते.

सरकारांचे लक्ष का?

शस्त्रे आणि दुहेरी वापराच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या ‘वासेनार व्यवस्थे’च्या यादीत सिंथेसायझरसाठी थेट वेळेची अट आहे. उदाहरणार्थ, ४.८ ते ३१.८ गीगाहर्ट्‌झ पट्ट्यात २.२ गीगाहर्ट्‌झपेक्षा मोठी उडी १०० मायक्रोसेकंदांच्या आत मारणारी जुळणी नियंत्रित वस्तूंत मोडते. भारत डिसेंबर २०१७ मध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला. सदस्यत्व मिळाले म्हणून परवाना आपोआप मिळत नाही; तो देणे न देणे विकणाऱ्या देशाच्या हाती राहते.

भारत कुठे आहे?

संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये नौदलाच्या ‘एसडीआर-टॅक’ या सॉफ्टवेअर आधारित रेडिओसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी १००० कोटी रुपयांहून अधिकचा करार केला. देशी रेडिओ हे मोठे पाऊल आहेच. पण रेडिओ देशी असला, तरी आतली चिप देशी असतेच असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर झाली. त्यात चिपची रचना करणाऱ्या कंपन्यांना खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, कमाल १५ कोटी रुपये, मदतीची तरतूद होती. चर्चा मात्र कारखान्यांचीच जास्त होते. सिंथेसायझरला मोबाइल प्रोसेसरसारखा अत्याधुनिक कारखाना लागतोच असे नाही. जुन्या तंत्रावरही तो उत्तम बनतो. त्याला लागतात अनुभवी रचनाकार आणि चिप बनवून, मोजून, चुकून पुन्हा बनवण्याची मुभा. ही मुभा मिळाली नाही, तर रेडिओ आपला असला तरी त्याची उडी किती वेगवान असावी, हे दुसऱ्या देशाच्या परवान्यावर ठरत राहील.