नेमगिरीच्या पायऱ्या, गुलमर्गचा उतार

येत्या जानेवारीत आमची नात गुलमर्गला स्कीइंग शिकण्यास जाणार आहे. तिचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, महाविद्यालयात असताना अशाच एका शिबिराचा अर्ज माझ्यापुढे घेऊन आले होते. कर्जाच्या अर्जातील ओळन्‌ओळ वाचून मगच स्वाक्षरी करणाऱ्या मी तो अर्ज मात्र न वाचताच परत केला. या खेपेस सर्व काही वाचण्याचे ठरविले.

परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर उंचीवर, तर गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. म्हणून तेथे पोहोचल्यावर एक दिवस विश्रांतीचा ठेवणे इष्ट. गंडोला या रोपवेने अफरवत पर्वतावर ३,९०० मीटरच्याही वर जाता येते. परंतु नवशिक्याचे स्थान खालच्या सौम्य उतारावरच. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण शिकविणारी संस्था गुलमर्गलाच आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमधील भारताचे एकमेव खेळाडू आरिफ खान हे याच परिसरातले.

पहिल्या दिवशी शिकायचे ते धावणे नव्हे, थांबणे. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ व मागची दूर ठेवून टाचा बाहेर रेटल्या, की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मंदावतो. तोल जातोच आहे असे दिसल्यास कुशीवर पडावे. मागे बसू नये, गुडघ्यास धोका असतो. उठण्यापूर्वी स्की उताराला आडव्या लावाव्यात, अन्यथा उठता उठताच पुन्हा घसरण.

बूट व स्की यांना जोडणारे बाइंडिंग पडण्याच्या वेळी बूट मोकळा करते. त्याचा ताण वजन, उंची, वय, अनुभव आणि बुटाचे माप यांवरून लावतात. तेव्हा साहित्य भाड्याने घेताना वजन खरे सांगावे. विवाहाच्या परिचयपत्रातले नव्हे. मोजा एकच, पातळ आणि लांब. दोन मोजे चढविले की सुरकुत्या पडून फोड येतात. अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घाम धरून ठेवतो व नंतर गारठवितो. जीन्सचेही तेच. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या किरणांसाठी गॉगल अनिवार्य.

खरेदी करताना आपल्या घरांत एक प्रश्न येतोच. उबदार जॅकेटांत अनेकदा पक्ष्यांची पिसे भरलेली असतात, हातमोज्यांना चामडे असते. लेबल पाहावे. पॉलिस्टरचा भराव ओलसर झाला तरी ऊब बऱ्यापैकी टिकवितो, त्यामुळे नियम पाळल्याने काही उणे पडत नाही. विम्याच्या पॉलिसीतील ‘वगळलेल्या बाबी’ मात्र भिंग घेऊन वाचाव्यात. साहसी खेळ पुष्कळदा तेथेच दडलेले असतात.

राहिला पायांचा प्रश्न. स्कीइंगमध्ये सारा भार वाकलेल्या गुडघ्यांवर व मांड्यांवर येतो. त्यासाठी नात रोज भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीविना बसल्यासारखी राहते. प्रारंभी वीस सेकंदांतच पाय थरथरत. आता मिनिट निघते. दर रविवारी आम्ही जिंतूरजवळील नेमगिरीला जातो. दर्शन होते आणि पायऱ्याही होतात. चढताना दम लागतो, पण मांड्यांची खरी परीक्षा उतरताना होते.

गेल्या रविवारी चिरंजीवही दुकान बंद ठेवून आले. उतरताना ते मुलीला सांगत होते, “शरीर मागे टाकू नकोस, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली राहू दे.” त्यांना हे केव्हापासून ठाऊक आहे, ते मी विचारले नाही.