गाडी रस्त्यावरच ठेवा की!

ऑक्टोबर हीट असली तरी पाखरं वेळेवर आली आहेत. रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला ओढ्यात करडा धोबी शेपटी हलवत होता, पार हिमालयाकडून आलेला! दुपारी खडकवासल्याच्या काठावर चक्रवाकांची जोडी. तेवढ्यात एक गाडी थेट पाण्यापर्यंत, स्पीकर जोरात. जोडी उडाली.

मंडळी, फिरायला जरूर या, कणीस खा. पण या पाखरांचं खाणं उथळ पाण्यात, काठच्या चिखलातच असतं. तिथेच आपण चाकं घालतो. वर हेच पाणी पुण्याच्या नळाला येतं! गाडीचं तेल, प्लॅस्टिक, सगळं त्यातच.

नुसत्या पाट्या लावून भागणार नाही. काठावर उतरणाऱ्या वाटा चर खणून बंद करा. चालत जायला कुणाची ना नाही.