मोजायचे ते मैदान, घोषणा नव्हे!

२९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ चळवळीचा मोठा गाजावाजा करून प्रारंभ झाला. धावण्याचे कार्यक्रम झाले, शपथा झाल्या, सहभागींचे आकडे जाहीर झाले. परंतु किती जण धावले ही मोजदाद म्हणजे धोरणाचे मूल्यमापन नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम शारीरिक हालचाल आवश्यक मानली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ या मर्यादेखाली होते. पुरुष सुमारे ४२ टक्के, तर स्त्रिया ५७ टक्के. ही तफावत आळसाच्या माथी मारता येईल काय? स्त्रीला स्वतःचा मोकळा वेळ किती मिळतो, अंधार पडल्यावर ती निर्धास्त चालू शकते काय, हे कोणत्या तक्त्यात नोंदले जाते?

शिवाय या मोजणीत विटा वाहणाऱ्या मजुरिणीचे कष्ट आणि बागेतील सकाळची फेरी एकाच बेरजेत जमा होतात. थकवा आणि विरंगुळा यांतील भेद तेथे पुसला जातो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे, असे स्पष्ट नमूद आहे. म्हणून हिशेब मागावा तो असा: किती शाळांना मैदान आहे? विकास आराखड्यात मैदानासाठी राखलेल्या किती जागा प्रत्यक्षात खुल्या झाल्या? किती रस्त्यांना चालण्याजोगे पदपथ आहेत? ही माहिती प्रभागवार, दरवर्षी जनतेपुढे ठेवली पाहिजे.

ज्याचा हिशेब जनतेला विचारता येत नाही, ते धोरण नव्हे. ती केवळ जाहिरात होय.