आमच्या नाकाची तक्रार

पहिल्याच वर्षी हॉस्टेलवर माझं नाव 'नाकपुडी' पडलं. कारण एवढंच, की रूम पार्टनरनं डिओ मारला की मी वही घेऊन व्हरांड्यात जायचो. पोरं म्हणायची, "गावाकडं शेणाचा वास चालतो, अन् इथं सेंट चालत नाही व्हय रं?" मीही हसायचो. पण मग तासभर डोकं ठणकायचं, छाती भरून यायची. तसाच व्हायवाला गेलो, तर येत असलेलं उत्तरही तोंडातून निघायचं नाही.

माझं गाव आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. सोयाबीनवर फवारणी असली की आधी वारा कुठला आहे ते बघायचं, हे घरी लहानपणीच शिकवलं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून वारा घराकडं असेल तर आई पंप उचलूच देत नाही. शेतात आपण दुसऱ्याच्या श्वासाचा एवढा विचार करतो, मग बारा बाय दहाच्या खोलीत का नको?

आपण इंजिनिअर होणार, तेव्हा आकड्यात बोलू. डासांची एक कॉइल जळाली की 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. आपण खिडकी लावून ती रात्रभर जाळतो, आणि सिगारेट ओढणाऱ्याला मात्र दंड! संडासाची गोष्ट त्याहून गंभीर. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली की क्लोरीन वायू सुटतो. आपण हे पुस्तकात शिकलो, पण सफाई करणाऱ्या मावशींना कुणी सांगितलंय का?

काही जण म्हणतात, हे सगळे नखरे. उग्र वासानं दमा आणि अर्धशिशी उसळू शकते, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. काहींना तर अनेक रसायनांचा जरासाही वास सोसत नाही. त्यांच्या दुखण्याच्या कारणाबद्दल डॉक्टरांत एकमत नाही, हे खरं. पण सर्किट का जळालं ते कळलं नाही, म्हणून धूर निघालाच नाही असं आपण लॅबमध्ये म्हणतो का?

डिओ बंद करा, असं माझं म्हणणं नाही. तो व्हरांड्यात मारा. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. फिनेल मारण्याआधी एक हाक द्या. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र नको. एवढ्या चार ओळी रेक्टर सरांनी नोटीस बोर्डावर लावल्या तरी पुष्कळ. खर्च शून्य.

यंदाचा माझा रूम पार्टनर डिओची बाटली घेऊन स्वतःहून बाहेर जातो. मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, फक्त एकदा त्यानं मला विचारलं होतं, "त्रास होतो का रे?" आता तो व्हरांड्यात असतो आणि मी आत बसून अभ्यास करतो. नाव अजून 'नाकपुडी'च आहे, पण त्याचं काही वाटत नाही.