मध : कोणास व किती ?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं नातू जन्मास आला. सोन्याच्या अंगठीनें त्यास मध चाटवावयाचा म्हणून भुदरगडांतील पाटगांवचा मध वाटींत काढला होता. जातकर्माचा हा विधि गृह्यसूत्रांत आहे, हें मींच अनेकांस सांगितलेलें. परंतु डॉक्टर असलेली सूनबाई म्हणाली, "मामंजी, पहिलें वर्षभर मध नको."

मधांत बोट्युलिझम या रोगाचे बीजाणु असूं शकतात. मोठ्यांचें आंतडें त्यांस वाढूं देत नाहीं. अर्भकाच्या आंतड्यांत मात्र ते रुजून विष निर्माण करतात. घरीं मध उकळल्यानेंहि ते मरत नाहींत.

पोषणाचें म्हणाल, तर १०० ग्रॅम मधांत सुमारें ८२ ग्रॅम शर्करा व १७ ग्रॅम पाणी असतें. प्रथिनें, खनिजें नांवापुरतीं. उष्मांक सुमारें ३००. साखरेचे जवळजवळ ४००. हा फरक मुख्यतः पाण्यामुळें. तेव्हां मोठ्यांनीं चमचाभर मध खुशाल घ्यावा, मधुमेह्यांनीं मात्र त्यास साखरच समजावें.

मेधा आणि आयुष्य हा त्या विधीचा हेतु. तो ध्यानीं धरून आम्हीं कोरडी अंगठी बाळाच्या कपाळास लावली, मंत्र म्हटला व मध देवापुढें ठेविला. आशीर्वादांत कांहींच उणें पडलें नाहीं.